एका पिंपाची रेड वाइन: तोडणीपासून बाटलीपर्यंत आणि एका व्हिंटेजपासून पुढच्या व्हिंटेजपर्यंत

२२५ लिटरच्या ओकच्या पिंपातून ७५० मिलीच्या ३०० बाटल्या निघतात. घरच्या वाइनरीत एका वर्षाची एक रेड वाइन म्हणजे बहुतेक वेळा एवढीच. मोठ्या वाइनरीत चाळीस पिंपांतली दोन बिघडली तर ती बाजूला काढून उरलेल्यांचं मिश्रण बाटलीत भरता येतं. इथे दुसरं पिंपच नसतं. पिंप गेलं की ते वर्ष गेलं.

लहान बॅचची आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. दरवर्षीची वाइन वेगळी लागते, लागायलाच हवी. पण ती हवामानामुळे वेगळी झाली, की यंदा साली दोन दिवस जास्त भिजत राहिल्या म्हणून, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी दरवर्षीची कृती शक्यतो तीच ठेवायची, आणि जिथे बदलली तिथे तारखेसह लिहून ठेवायचं. नाहीतर दहा वर्षांनी दहा व्हिंटेज, म्हणजे दहा तोडण्यांच्या वाइन, समोर असतात आणि त्यांच्यातल्या फरकाचं कारण मात्र एकाचंही ठाऊक नसतं.

पुढची सगळी मापं ४०० किलो द्राक्षांच्या बॅचची आहेत. देठ काढल्यावर आणि भरडल्यावर सालींसह सुमारे ३५० लिटर माल होतो. दाबून, साका काढून शेवटी २६० ते २८० लिटर वाइन हाती येते. एक पिंप भरतं आणि वर्षभर भर घालायला ३५-५५ लिटर उरतात. हे उरलेले लिटर चैन म्हणून नाहीत, त्यांच्याशिवाय पिंप टिकत नाही. ३३० किलो द्राक्षांत पिंप जेमतेम भरतं आणि तिसऱ्या महिन्यात भर घालायला काही नसतं, ही नेहमी होणारी चूक.

तोडणी कधी करायची

रेडसाठी साधारण २३.५ ते २५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पीएच ३.४ ते ३.६ आणि एकूण आम्लता लिटरला ६ ते ७ ग्रॅम ही सोयीची जागा. ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो. २४ ब्रिक्सला साडेतेराच्या आसपास.

नमुना घेताना फसगत होते. ओळीच्या टोकाच्या वेलीवरचे, उन्हातले, हाताशी येणारे मणी गोडच असतात. १०० ते २०० मणी घ्यावेत; ओळींच्या मधल्या वेलींवरून, दोन्ही बाजूंनी, सावलीतल्या घडांवरूनही, आणि प्रत्येक घडाच्या खांद्यावरून, मधून, टोकावरून. घडाचं टोक मागे राहिलेलं असतं. सगळे मणी पिशवीत चुरडून तो रस मोजावा. एकेक मणी मोजून सरासरी काढली तरी चालते, पण कोणी तेवढं करत नाही.

आकड्यांइतकंच महत्त्व दाताखाली काय येतं याला. बी हिरवट आणि चिकट गराने वेढलेली असेल तर थांबायचं. पिकलेली बी तपकिरी होते, चावली की भाजल्या दाण्यासारखी कुरकुरते आणि गरातून सहज सुटते. साल चावून झाल्यावर जीभ किती कोरडी पडते तेही पाहावं. पाऊस दारात असेल तर हे सगळं बाजूला ठेवून निर्णय घ्यावा लागतो; त्याबद्दल पुढे.

तोडणी पहाटे करावी. २० अंशांच्या खालचा माल हवा. दुपारच्या ३२ अंशांच्या द्राक्षांत यीस्ट घालण्याआधीच रानटी यीस्ट कामाला लागलेलं असतं, आणि लहान टबात थंड करायची सोय सहसा नसते. क्रेट उथळ हवेत, खालचे घड चिरडले जाऊ नयेत. गंधकाची भुकटी किंवा फवारणी तोडणीच्या ५-६ आठवडे आधीच थांबलेली असावी. सालीवर राहिलेला गंधक टबात जाऊन सडक्या अंड्याचा वास होतो.

भरडणं आणि पहिला दिवस

डिस्टेमरमधून देठ वेगळे करायचे आणि मणी फक्त फुटतील इतकंच दाबायचं. रोलर इतके जवळ नकोत की बी फुटेल. फुटलेल्या बीचा कडूपणा नंतर कशानेही जात नाही. मग एकदा हात घालून देठांचे तुकडे, पानं, किडे, कुजके मणी उचलून टाकावेत. ४०० किलोला दोन माणसांना तासभर लागतो. पूर्ण मोसमात याच्याइतका फायदा देणारा तास दुसरा नाही.

जंतूंपासून आणि हवेपासून जपणारा सल्फर डायऑक्साइड इथे ३० ते ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या वजनाच्या ५७.६ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. हिशेब असा: लिटर गुणिले मिलिग्रॅम, भागिले ५७६, उत्तर ग्रॅममध्ये. ३५० लिटरला ४० मिलिग्रॅम हवा तर सुमारे २४ ग्रॅम केएमएस, पेलाभर पाण्यात विरघळवून, माल टबात पडत असतानाच थोडा थोडा. जुन्या, उघड्या पडलेल्या पाकिटातल्या केएमएसचा जोर गेलेला असतो. दरवर्षी नवं पाकीट आणावं.

टब ५०० लिटरचा घ्यावा. सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, कारण साली फुगून वर येतात. काठोकाठ भरलेला टब रात्री उतू जातो.

आता मोजणी: ब्रिक्स, पीएच, आम्लता, आणि जमत असेल तर यीस्टला मिळणारा नायट्रोजन. पीएच ३.७ च्या वर असेल तर टार्टारिक आम्ल आत्ताच घालावं. लिटरला १ ग्रॅम टार्टारिकने आम्लता १ ग्रॅमने वाढते आणि पीएच साधारण ०.१ ने उतरतो. हिशेब ३५० लिटरवर करायचा नाही, शेवटी हाती येणाऱ्या २७० लिटरवर करायचा. म्हणजे २७० ग्रॅम. शंका असेल तर ठरलेल्याच्या दोनतृतीयांश घालून थांबावं. घातलेलं आम्ल सहज काढता येत नाही, आणखी घालणं केव्हाही शक्य असतं.

भिजवणीबद्दल मतभेद आहेत. ८ ते १० अंशांवर २ ते ४ दिवस साली नुसत्या भिजू दिल्या तर रंग आणि फळाचा वास लवकर उतरतो, हे खरं. पण ते तापमान खरोखर धरता येत असेल तरच. १५-१६ अंशांवर तीन दिवस ठेवलेला टब म्हणजे रानटी यीस्टला दिलेलं आमंत्रण. नेलपॉलिशसारखा वास तिथूनच येतो. थंड करायची पक्की सोय नसेल तर हा टप्पा सरळ गाळावा आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट घालावं.

यीस्ट आणि त्याचं खाणं

लिटरला ०.२५ ग्रॅम सुकं यीस्ट, म्हणजे ९० ग्रॅमच्या आसपास. त्याच्या दहापट, ९०० मिली, ३७ ते ४० अंशांचं स्वच्छ पाणी घ्यावं. यीस्ट वर भुरभुरावं, पाच मिनिटांनी हलकं ढवळावं, एकूण १५-२० मिनिटं थांबावं. फेस येतो आणि ताज्या पावासारखा वास सुटतो. मग टबातला रस थोडा थोडा मिसळत हे मिश्रण थंड करायचं, दोन्हींच्या तापमानात १० अंशांपेक्षा कमी फरक राहील इथपर्यंत. ३८ अंशांचं यीस्ट १५ अंशांच्या मालात ओतलं तर अर्धं तिथेच मरतं. उरलेलं अर्धं सुरुवात झकास करतं आणि शेवटचे दोन ब्रिक्स अडवून बसतं. म्हणून ही चूक दहा दिवसांनी लक्षात येते.

२४ ब्रिक्सला नायट्रोजन लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम असावा. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) लिटरला १ ग्रॅम घातला की सुमारे २१० मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. रसात १४० असेल आणि २२० हवा असेल तर कमी ८०. म्हणजे लिटरला ०.३८ ग्रॅम, २७० लिटरला साधारण १०० ग्रॅम. हे दोन हप्त्यांत द्यावं. पहिला, यीस्ट घातल्यावर साधारण २४ तासांनी. दुसरा, साखर एकतृतीयांश उतरल्यावर. अर्धी साखर गेल्यावर डीएपी घालू नये. तेव्हा अल्कोहोलमुळे यीस्टला तो घेता येत नाही आणि उरलेलं खाणं नको त्या जीवाणूंच्या कामी येतं.

थर, उष्णता आणि हवा

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साली वर येऊन घट्ट थर बांधतात. बोट खुपसून पाहावं: वरचे दोन इंच कोरडे आणि कोमट, खाली गेलं की चांगलं गरम. थराच्या पोटातलं तापमान खालच्या रसापेक्षा ५ अंश किंवा जास्तही असतं. त्यामुळे नुसत्या रसात थर्मामीटर धरला तर तो खोटा दिलासा देतो. लांब दांड्याचा थर्मामीटर थराच्या मधोमध, अर्ध्यावर थांबवून वाचावा.

थर दिवसातून तीनदा दाबायचा. किण्वन ओसरलं की दोनदा, मग एकदा. स्टीलच्या चकतीचा दाबा हवा. एका जागी जोर लावला की थर कडकडून फुटतो, खालून जांभळा फेस उसळतो आणि नाकात झोंबणारा वायू येतो. कडेपासून सुरू करून मध्याकडे यावं. साल पूर्ण बुडली पाहिजे. कोरडी राहिलेली साल म्हणजे व्हिनेगरच्या जीवाणूंची जागा. टबाची आतली कड प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसावी.

रेडसाठी शिखराचं तापमान २६ ते ३० अंश. ३३ च्या वर यीस्ट थकतं. मोठ्या टाकीत माल तापण्याची भीती असते. ५०० लिटरच्या टबात उलटही होतं. बाहेर थंड रात्री असल्या तर लहान टब २२ अंशांच्या वर चढतच नाही, आणि वाइन पातळ, फिक्या रंगाची होते. अशा वेळी टबाला घोंगडी गुंडाळावी. तापायला लागला तर पाणी गोठवलेल्या, बाहेरून निर्जंतुक केलेल्या बाटल्या थराखाली सोडाव्यात. बर्फ थेट टाकू नये.

कार्बन डायऑक्साइडकडे दुर्लक्ष करू नये. २४ ब्रिक्सच्या एका लिटर रसातून सुमारे ६० लिटर वायू सुटतो. २७० लिटरमधून १६ हजार लिटर, म्हणजे अडीच मीटर लांब, अडीच रुंद आणि अडीच उंच खोली भरेल इतका. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि तळघरात साचतो. त्यात माणूस वाकला तर शुद्ध हरपायला वेळ लागत नाही. मेणबत्ती पेटती राहिली म्हणजे हवा चांगली, हे खरं नाही. माणसाला घातक पातळी आली तरी ज्योत तेवत राहू शकते. वायुमापक घ्यावा, खालच्या बाजूने हवा बाहेर काढणारा पंखा लावावा आणि रिकाम्या टबातही एकट्याने उतरू नये.

रोज सकाळ-संध्याकाळ ब्रिक्स आणि तापमान लिहायचं. सुरळीत बॅचचा नमुना साधारण असा दिसतो: २४, २३.५, २०, १४.५, ८.५, ४, १, उणे १, उणे १.६. शेवटी आकडा शून्याखाली जातो, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. तेव्हा शून्य म्हणजे साखर संपली असं समजू नये. दोन दिवस उणे १.५ च्या आसपास स्थिर राहिल्यावर साखर वेगळी तपासावी. लिटरला २ ग्रॅमच्या खाली हवी.

काय बिघडतं

सडक्या अंड्याचा वास बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. नायट्रोजन कमी पडला किंवा गंधक राहिला. अर्ध्या साखरेच्या आधी असेल तर खाणं द्यावं आणि रस खालून काढून वरून हवेत उडवत परत ओतावा. एवढ्यावर बहुतेकदा भागतं. नंतर आला आणि पिंपात तसाच राहिला तर त्याचे पुढचे संयुग बनतात, कांदा-लसणासारखे वास येतात आणि ते हवेने जात नाहीत. कॉपर सल्फेट हा शेवटचा उपाय. तोही १०० मिलीच्या नमुन्यांवर वेगवेगळं प्रमाण करून, वास जाईल इतकं कमीत कमी किती ते ठरवून.

किण्वन ५ किंवा ३ ब्रिक्सवर अडकलं तर घाईने पाकीटभर यीस्ट वर टाकून उपयोग नाही. आतल्या अल्कोहोलमध्ये ते जागंच होत नाही. आधी माल २२-२५ अंशांवर आणावा. अल्कोहोल सोसणारं यीस्ट घ्यावं, ते पाणी आणि थोड्या गोड रसात नीट चालू करावं. मग त्यात अडकलेली वाइन तेवढीच मिसळावी. साखर निम्मी उतरली की पुन्हा तेवढीच. असं दुप्पट करत जायचं. दोन-तीन दिवसांचं काम आहे, पण चालतं.

आंबट, नाकात घुसणारा वास आला तर व्हिनेगरची सुरुवात. बाष्पशील आम्लता लिटरला ०.३ ते ०.६ ग्रॅम नेहमीचीच, ०.८ च्या पुढे ती चवीत बोलू लागते. हिला घरगुती उपाय नाही.

प्रेस

साली ७ ते १४ दिवस ठेवता येतात. कधी दाबायचं हे चवीवर: रोज एक घोट, त्याच वेळी, त्याच पेल्यातून. जीभ कोरडी पडणं वाढतंय पण त्यात गोलाई येत नाही असं वाटलं की काढावं. आधी आपोआप वाहणारी वाइन वेगळी. मग बास्केट प्रेसने हळूहळू दाब, दर वेळी पाच मिनिटं थांबून. दाबलेला भाग १० ते १५ टक्के निघतो. त्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, जास्त, पीएच वरचा. तो वेगळ्या काचेच्या डेमीजॉनमध्ये ठेवावा. पातळ वर्षी याच भागाने वाइनला कणा मिळतो, म्हणून सुरुवातीला मिसळून टाकू नये.

दोन दिवसांनी जाड साका तळाशी बसतो. वरची वाइन काढून पिंपात घ्यायची.

दुसरं किण्वन

मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू, ओनोकोकस ओएनी, साखर संपल्यावर घालावेत. त्यांना २० ते २२ अंश हवेत, पीएच ३.२ च्या वर आणि मुक्त (वाइनमध्ये बांधला न गेलेला) सल्फर डायऑक्साइड १० मिलिग्रॅमच्या खाली. म्हणूनच भरडताना केएमएसचा हात आखडता ठेवायचा. पिंपाला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. दोन ते सहा आठवडे चालते. पेपर क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे कागदावर आम्लांचे वेगळे डाग दाखवणाऱ्या चाचणीत, मॅलिकचा डाग दिसेनासा झाला की प्रयोगशाळेतून आकडा घ्यावा, लिटरला ०.१ ग्रॅमच्या खाली. डाग गेला म्हणजे आम्ल पूर्ण गेलं असं होत नाही, आणि उरलेलं बाटलीत गेलं तर तिथे वायू होतो. लिटरला २ ग्रॅम मॅलिक गेलं की एकूण आम्लता सुमारे १.१ ग्रॅमने उतरते. सुरुवातीचा पीएच ठरवताना ही घट धरलेली असावी.

किण्वन संपलं की लगेच ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड. २५० लिटरला २२ ग्रॅम केएमएस. निम्मा बांधला जातो. दोन-तीन दिवसांनी मोजून कमी असेल ते भरावं. किती मुक्त हवा हे पीएचवर अवलंबून: ३.४ ला २०, ३.५ ला २५, ३.६ ला ३१, ३.७ ला ३९, ३.८ ला ४९ मिलिग्रॅम. ३.५ आणि ३.८ मध्ये जवळपास दुप्पट फरक आहे, म्हणून 'सगळ्या रेडला तीस' हा ठोकताळा धोक्याचा. आणि मुक्त सल्फर मोजायच्या रिपर पद्धतीची मोजणी रेडमध्ये रंगद्रव्यांमुळे जास्त आकडा दाखवते. हवा ओढून मोजणारी पद्धत वापरावी.

पिंपातलं वर्ष

मोठी वाइनरी एकतृतीयांश नवी पिंपं वापरते. एकाच पिंपाच्या घरी नवं पिंप घेतलं तर ती वाइन शंभर टक्के नव्या ओकची होते, आणि हलक्या वर्षी फळ दिसेनासं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या भराचं, मध्यम भाजलेलं पिंप जास्त सोयीचं. कमी माल आहे म्हणून ५५ लिटरची छोटी पिंपं घ्यायचा मोहही टाळावा. तिथे दर लिटरमागे लाकूड आणि हवा दीडपटीहून जास्त लागते. वाइन चार महिन्यांत फर्निचरसारखी लागू लागते.

रिकामं पिंप आधी १५-२० लिटर गरम पाण्याने फुगवावं. दोन्ही तोंडांवर आळीपाळीने उभं करावं. गळतीच्या जागी थेंब थांबेपर्यंत वाइन भरू नये.

वर्षाला ५ ते १० लिटर लाकडातून उडतात. दर दोन-तीन आठवड्यांनी बूच काढून काठोकाठ भर घालावी. इथे लहान बॅचवाले एक गोष्ट चुकतात: २० लिटरचा डेमीजॉन उघडून त्यातली एक लिटर घालतात आणि उरलेली १९ लिटर हवेसोबत ठेवतात. पुढच्या वेळी पिंपात जाते ती बिघडू लागलेली वाइन. भर घालायची वाइन सुरुवातीलाच ५ लिटर, ३ लिटर, १ लिटर आणि ७५० मिलीच्या भांड्यांत काठोकाठ भरून ठेवावी. एक उघडायचं, संपवायचं. वापरण्याआधी प्रत्येक भांडं हुंगावं.

घोड्याच्या घामासारखा किंवा दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास म्हणजे ब्रेटॅनोमायसिस, वाइन नासवणारं यीस्ट. जुनं पिंप, जास्त पीएच, कमी सल्फर, उरलेली साखर यांवर ते जगतं. एकदा लाकडात शिरलं की पिंप वाइनसाठी संपलं. बाकी काही करण्यात वेळ घालवू नये.

साक्यावरून वाइन काढणं दर तीन-चार महिन्यांनी, दर वेळी सल्फर मोजून. बारा ते अठरा महिन्यांनी चव ठरेल तसं. टॅनिन खरखरीत असेल तर पिंपाला ३ ते ६ अंड्यांचं पांढरं, चिमूटभर मिठासह फेस न आणता मिसळून. आधी लहान नमुन्यावर पाहावं, आणि अंडं वापरलं तर लेबलचा नियम तपासावा.

बाटलीत भरताना मुक्त सल्फर पीएचनुसार पुन्हा नेमका करायचा. साखर आणि मॅलिक दोन्ही संपलेली असतील तर निर्जंतुक गाळणीची सक्ती नाही. एक जरी शिल्लक असेल तर ०.४५ मायक्रॉनची गाळणी लागते. बूच आणि वाइन यांच्यात २० अंशांना साधारण १५ मिलिमीटर जागा. पहिला एक दिवस बाटल्या उभ्या, मग आडव्या. पहिले सहा-आठ आठवडे वाइन मुकी लागते. त्या काळात चाखून काही ठरवू नये.

व्हिंटेज वाचणं

व्हिंटेज म्हणजे तोडणीचं वर्ष, बाटलीत भरल्याचं नव्हे. युरोपीय संघात वर्ष छापायला त्या वर्षाची किमान ८५ टक्के द्राक्षं लागतात. अमेरिकेत ठरावीक द्राक्षक्षेत्राचं नाव लावलं तर ९५, एरवी ८५. या मोकळ्या १५ टक्क्यांचा उपयोग लहान वाइनरीला मोठा आहे: गेल्या वर्षीचे राखलेले २० लिटर यंदाच्या पातळ वाइनला सावरू शकतात. मात्र नोंद हवी.

प्रत्येक वर्षाच्या पानावर एवढं तरी असावं: डोळे फुटल्याची, फुलोऱ्याची, मण्यांत पाणी उतरल्याची आणि तोडणीची तारीख, पाणी उतरल्यापासूनचा पाऊस, ३५ अंशांवरचे दिवस, दर वेलीला आलेला माल, १०० मण्यांचं वजन, तोडणीचे तिन्ही आकडे. शिवाय उष्णतेची बेरीज: रोजच्या सरासरी तापमानातून १० अंश वजा करून जे उरेल ते मोसमभर मिळवत जायचं. ॲमरीन आणि विंकलर या संशोधकांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षभागांची वर्गवारी याच मापाने केली. वर्षं शेजारी ठेवायला हा आकडा फार कामाचा आहे, जरी दुपारची लाट आणि उबदार रात्री यांतला फरक त्यात दिसत नाही.

उष्ण वर्षी साखर पळते, आम्ल पडतं, बी मागे राहते. २००३ मध्ये युरोपात असंच झालं. अशा वर्षी तोडणी आकड्यांवर, बी थोडी कच्ची असली तरी. टार्टारिक आधीच, साली कमी दिवस, थर दाबणं हलकं. थंड वर्षी, फ्रान्समधल्या बोर्डोत २०१३ होतं तसं, हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, विशेषतः कॅबर्ने सोव्हिन्यॉं या जातीत. घडांभोवतीची पानं फळधारणेच्या सुमाराला काढली असती तर तो कमी झाला असता. तोडणीच्या आठवड्यात काढून फारसं साधत नाही. मॅलिक जास्त असतं, म्हणून आम्ल वाढवण्याची घाई करू नये. मर्लो कॅबर्नेपेक्षा आधी पिकते. दोन्हींच्या थोड्या ओळी असलेल्या मळ्याला वाईट वर्षात हाच आधार.

पावसाच्या वर्षी मणी फुगतात आणि चव पातळ होते. भरडल्यावर काही तासांत १० ते १५ टक्के रस काढून घेतला की सालींचं प्रमाण वाढतं. काढलेल्या रसाची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, होते. पण कुजलेले घड असतील तर खेळ बदलतो. बोट्रायटिस बुरशीतला लॅकेस हा विकर रंग तपकिरी करतो आणि सल्फरला फारसा जुमानत नाही. पेलाभर रस रात्रभर उघडा ठेवून पाहावा. सकाळी चॉकलेटी झाला तर भिजवणी रद्द, लवकर प्रेस, हवेपासून जपणूक. आणि फारच वाईट असेल तर त्या वर्षी आपलं नेहमीचं लेबल लावू नये. ३०० बाटल्यांच्या वाइनरीला हा निर्णय जड जातो, पण ते लेबल पुढच्या वर्षी पुन्हा वापरायचं असतं.

३०० पैकी २४ बाटल्या कुलपात ठेवाव्यात, १२ ते १४ अंशांवर, अंधारात. सहा महिने, १, २, ३, ५, ७ आणि १० वर्षांनी दोन-दोन उघडाव्यात. दोन अशासाठी, की एक बूच लागलेली निघाली तर त्या वर्षाबद्दल चुकीचं मत बनू नये. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि हरवलेलं फळ ही त्याची खूण. १४ बाटल्या अशा जातात. उरलेल्या १० राखीव.

सगळी वर्षं शेजारी ठेवून चाखायची तर जुन्या बाटल्या दोन दिवस आधी उभ्या कराव्यात, साका तळाशी जाऊ द्यावा. १६ ते १८ अंश, सारखे पेले, प्रत्येकी ५० मिली. वर्ष झाकून ठेवावं. आपल्याच वाइनबद्दल आठवण फार लवकर जिभेच्या पुढे धावते. आधी तरुण, मग जुनी. आणि जे सापडेल ते त्या वर्षाच्या पानावर, तोडणीच्या आकड्यांखालीच लिहावं. वेगळ्या वहीत लिहिलेली चव पीएचशेजारी कधीच वाचली जात नाही.